चिलकॉट अहवाल : इराकवरील आक्रमणाच्या कारणांची झाडाझडती

दुसऱ्या देशात सैन्य घुसवताना सरकारने आपल्याच लोकांना जी कारणे सांगितली ती कितपत खरी होती, हे त्याच सरकारच्या दप्तरातील कागद बाहेर काढून तपासण्याचे काम फार थोड्या देशांनी केले आहे. ब्रिटनने इराकयुद्धाबाबत ते केले. पंतप्रधान गॉर्डन ब्राउन यांनी जून 2009 मध्ये चौकशी जाहीर केली, सर जॉन चिलकॉट या निवृत्त सनदी अधिकाऱ्याच्या अध्यक्षतेखाली समिती बसली आणि 6 जुलै 2016 रोजी तिचा अहवाल प्रसिद्ध झाला. बारा खंड, जोडीला दीडशे पानांच्या आसपासचा स्वतंत्र सारांश आणि सगळे मिळून सुमारे 26 लाख शब्द, असा त्याचा पसारा आहे. प्रसिद्धीच्या वेळी संपूर्ण छापील संचाची किंमत 767 पौंड आणि केवळ सारांशाची 30 पौंड ठेवण्यात आली होती, मात्र पीडीएफ स्वरूपात हा सगळा मजकूर कोणालाही मोफत उतरवून घेता येतो. युद्धाचे समर्थन कसे घडवले जाते हे ज्याला मुळातून समजून घ्यायचे आहे, अशा मराठी वाचकाने हा अहवाल वाचावा का, वाचायचा तर कुठून सुरुवात करावी आणि त्याच्याकडून काय अपेक्षा ठेवू नये, यासाठी हे परीक्षण आहे.

प्रथम मांडणीविषयी. अहवालाचे सतरा विभाग आहेत आणि प्रत्येक परिच्छेदाला क्रमांक आहे. विभागाच्या सुरुवातीला ठळक निष्कर्ष एका पानावर दिलेले असतात, त्यानंतर घटनाक्रम तारीखवार उलगडत जातो आणि जवळजवळ प्रत्येक विधानाखाली मूळ टिपणाचा, बैठकीच्या वृत्तान्ताचा किंवा साक्षीचा हवाला असतो. समितीने दीडशेहून अधिक साक्षीदार ऐकले आणि सरकारी दप्तरातील सुमारे दीड लाख कागद पाहिले. त्यांपैकी पुष्कळसे कागद गोपनीयतेचा शिक्का काढून अहवालासोबत खुले केले गेले. भाषा सरकारी आहे, विशेषणे मोजकी आहेत आणि एखादा अधिकारी चुकला असेल तर तो चुकला असे म्हणण्याऐवजी त्याने काय करायला हवे होते ते सांगण्याची समितीची पद्धत आहे. सुरुवातीला ही पद्धत कंटाळवाणी वाटते, परंतु काही पाने वाचून झाल्यावर तिचे बळ कळते. निषेधाचा शब्दही न उच्चारता, केवळ दोन कागद एकापुढे एक ठेवून, समिती वाचकाला जे दाखवते ते कोणत्याही घणाघाती भाषणापेक्षा जास्त ठाम असते.

याचा सर्वांत चांगला नमुना चौथ्या विभागात मिळतो. इराककडील रासायनिक, जैविक आणि अण्वस्त्रांविषयी ब्रिटनला काय ठाऊक होते, हा या विभागाचा विषय आहे. मार्च 2002 मध्ये संयुक्त गुप्तवार्ता समितीने केलेल्या मूल्यांकनात इराकच्या अस्त्रांविषयीची माहिती तुरळक आणि तुटपुंजी असल्याचे स्वच्छ म्हटले होते. त्यानंतर सहा महिन्यांनी, 24 सप्टेंबर 2002 रोजी, तेव्हाचे पंतप्रधान टोनी ब्लेअर यांनी संसदेत ही गुप्तवार्ता व्यापक, तपशीलवार आणि अधिकृत असल्याचे सांगितले आणि त्याच दिवशी प्रसिद्ध झालेल्या सरकारी पुस्तिकेच्या प्रस्तावनेत, सद्दाम हुसेन यांनी रासायनिक व जैविक अस्त्रांचे उत्पादन चालूच ठेवले असल्याचे निःसंशय सिद्ध झाले आहे, असे आपल्या नावाने लिहिले. या सहा महिन्यांत नवे असे काय हाती लागले होते, हा प्रश्न वाचकाच्या मनात येतो आणि पुढची पाने त्याचे उत्तर देतात. हाती लागले ते थोडे होते, आणि त्यातलेही बरेचसे कच्चे होते. निःसंशय सिद्ध झाल्याचे या माहितीवरून म्हणता येत नाही, हे गुप्तवार्ता समितीने पंतप्रधानांना स्पष्टपणे सांगायला हवे होते, असा चिलकॉट समितीचा निष्कर्ष आहे. धोक्याची तीव्रता ज्या खात्रीने मांडली गेली ती खात्री समर्थनीय नव्हती, हे वाक्य त्याच निष्कर्षाचा गाभा आहे.

आदेश मिळाल्यापासून 45 मिनिटांत इराक ही अस्त्रे डागू शकतो, हा त्या पुस्तिकेतील सर्वाधिक गाजलेला दावा होता. दुसऱ्या दिवशी लंडनच्या वृत्तपत्रांचे मथळे त्यावरच उभे राहिले. प्रत्यक्षात त्या माहितीचा संबंध रणांगणावर वापरायच्या जवळच्या पल्ल्याच्या दारूगोळ्याशी होता, दूरच्या शहरांवर जाणाऱ्या क्षेपणास्त्रांशी नव्हता, हे यापूर्वी 2004 च्या बटलर समितीच्या चौकशीतही आले होते. सामान्य वाचकाने मथळ्यातून काय अर्थ घेतला हे सरकारला दिसत होते आणि तो गैरसमज दूर करण्यासाठी सरकारने काही केले नाही, ही बाब मला मूळ दाव्यापेक्षाही गंभीर वाटते.

याच विभागात काचेच्या गोळ्यांची हकिकत आहे आणि ती सावकाश वाचावी. सप्टेंबर 2002 मध्ये, पुस्तिका छापायला जायच्या सुमारास, ब्रिटनच्या परदेशी हेरखात्याकडे एका नव्या खबऱ्याकडून माहिती आली. इराक रासायनिक द्रव्ये तयार करत असून ती काचेच्या पोकळ गोळ्यांत भरली जातात, असे त्यात होते. ही माहिती महत्त्वाची म्हणून वरपर्यंत पोहोचवली गेली. काही काळाने तज्ज्ञांनी लक्ष वेधले, की रासायनिक दारूगोळ्यात काचेची भांडी सहसा वापरत नाहीत आणि एका लोकप्रिय हॉलिवूडपटात मात्र विषारी वायू नेमका अशाच काचेच्या गोळ्यांत भरलेला, चुकीच्या पद्धतीने, दाखवला आहे. खबऱ्याविषयी शंका निर्माण झाल्यावर ती शंका तितक्याच लगबगीने पंतप्रधानांपर्यंत गेली नाही आणि ते अहवाल औपचारिकरीत्या मागे घेतले गेले ते युद्ध होऊन गेल्यानंतर. दुजोरा देणारी बातमी जिना धावत चढली आणि शंका तळमजल्यावरच बसून राहिली, असे हे चित्र आहे. कोणीतरी एकाने जाणूनबुजून खोटे रचले असे यातून सिद्ध होत नाही. परंतु हवे तेच ऐकू येईल अशी व्यवस्था कशी उभी राहते, हे याहून स्पष्टपणे दाखवणारे दुसरे प्रकरण माझ्या वाचनात नाही.

ब्लेअर यांनी अमेरिकेचे अध्यक्ष जॉर्ज डब्ल्यू. बुश यांना पाठवलेली खासगी टिपणे हे या अहवालाचे दुसरे मोठे धन आहे. ती खुली करायची की नाही यावर समिती आणि मंत्रिमंडळ कार्यालय यांच्यात दीर्घकाळ ओढाताण चालली होती. 28 जुलै 2002 च्या टिपणाचे पहिलेच वाक्य, काहीही झाले तरी मी तुमच्यासोबत असेन, या आशयाचे आहे आणि जगभरच्या बातम्यांत तेवढेच आले. टिपण पूर्ण वाचले तर त्याच्या पुढच्याच वाक्यात ब्लेअर अडचणींचा रोखठोक विचार करण्याची हीच वेळ आहे असे म्हणतात आणि नंतर संयुक्त राष्ट्रांचा मार्ग, मित्रदेशांचा पाठिंबा, पॅलेस्टाइनचा प्रश्न अशा अटींची जंत्री देतात. त्यामुळे हे टिपण म्हणजे कोरा धनादेश होता असे म्हणणे पूर्णपणे न्याय्य ठरणार नाही. तरीही पहिल्या वाक्यात हातची किल्ली देऊन टाकल्यावर पुढच्या अटींना वजन काय राहिले, हा प्रश्न उरतोच, आणि एवढे मोठे आश्वासन देणाऱ्या या टिपणावर संबंधित मंत्र्यांशी चर्चा झाली नव्हती किंवा त्यांची संमती घेतली नव्हती, हे समितीने नोंदवले आहे. संसद आणि मंत्रिमंडळ सप्टेंबरपासून मार्चपर्यंत ज्या प्रश्नावर वाद घालत होते, त्याचे उत्तर जुलैमध्येच अर्धेअधिक दिले गेले होते.

ज्यांच्याजवळ वेळ थोडा आहे त्यांनी मात्र पाचवा विभाग, म्हणजे कायदेशीर सल्ल्याचे प्रकरण, आधी वाचावे. सुरक्षा परिषदेने 8 नोव्हेंबर 2002 रोजी ठराव 1441 पंधरा विरुद्ध शून्य मतांनी संमत केला. त्यात इराकला निःशस्त्रीकरणाची शेवटची संधी दिली होती आणि उल्लंघन झाल्यास परिषद पुन्हा बसून विचार करेल असे म्हटले होते. या ठरावाच्या आधारे थेट युद्ध करता येते का, की परिषदेचा आणखी एक निर्णय लागतो, हा खरा प्रश्न होता. ब्रिटनचे ॲटर्नी जनरल लॉर्ड गोल्डस्मिथ यांनी 14 जानेवारी 2003 च्या मसुद्यात नव्या निर्णयाची गरज असल्याचे मत दिले. त्यानंतर ते संयुक्त राष्ट्रांतील ब्रिटनच्या राजदूतांशी बोलले, फेब्रुवारीत वॉशिंग्टनला जाऊन अमेरिकी सरकारच्या वकिलांना भेटले आणि त्यांचे मत हळूहळू सरकू लागले. 7 मार्चच्या तेरा पानी सल्ल्यात, कुवेतच्या मुक्ततेसाठी बळाचा वापर करण्याचा 1990 च्या ठराव 678 मधील अधिकार पुनरुज्जीवित झाल्याचा युक्तिवाद वाजवीपणे करता येईल, परंतु सर्वांत सुरक्षित मार्ग दुसऱ्या ठरावाचाच आहे आणि न्यायालय हा युक्तिवाद मान्य करीलच असे नाही, असे त्यांनी लिहिले. हा सल्ला मंत्रिमंडळासमोर ठेवला गेला नाही.

पुढचा आठवडा समितीने अक्षरशः दिवसागणिक मांडला आहे. सेनादलांचे प्रमुख ॲडमिरल बॉइस यांना वाजवी युक्तिवाद पुरेसा नव्हता, त्यांना आपल्या सैनिकांसाठी कृती कायदेशीर असल्याचे निःसंदिग्ध उत्तर हवे होते, आणि त्यांची मागणी रास्तच होती. 13 मार्चला गोल्डस्मिथ यांचे मत युद्ध कायदेशीर ठरते या बाजूला झुकले. त्यासाठी इराकने ठरावाचा आणखी गंभीर भंग केला आहे ही वस्तुस्थिती प्रस्थापित होणे आवश्यक होते. 14 मार्चला त्यांच्या कार्यालयाने पंतप्रधान कार्यालयाला पत्र पाठवून विचारले, की असा भंग झाल्याचे पंतप्रधानांचे निःसंदिग्ध मत आहे का. 15 मार्चला उत्तर आले, की आहे. एवढेच. पंतप्रधानांनी हे मत कोणत्या विशिष्ट पुराव्यावर बनवले हे स्पष्ट होत नाही, असे समिती म्हणते. 17 मार्चला कायदेशीर आधार सांगणारे एक छोटेसे लेखी उत्तर संसदेत ठेवण्यात आले, त्यात 7 मार्चच्या शंकांचा मागमूस नव्हता. 18 मार्चला हाउस ऑफ कॉमन्सने 412 विरुद्ध 149 मतांनी कारवाईला संमती दिली आणि 20 मार्चला आक्रमण सुरू झाले.

म्हणजे ज्या प्रश्नाचा निवाडा सुरक्षा परिषदेने करायचा, त्याचा निवाडा लंडनमधल्या दोन कार्यालयांमधील एका प्रश्नाने आणि एका होकाराने झाला. परराष्ट्र खात्याचे मुख्य कायदा सल्लागार सर मायकेल वूड यांनी दुसऱ्या ठरावाशिवाय बळाचा वापर बेकायदा ठरेल असे आधीच लिहून दिले होते, ते परराष्ट्रमंत्री जॅक स्ट्रॉ यांनी मानले नाही. वूड यांच्या सहकारी एलिझाबेथ विल्म्सहर्स्ट यांनी मार्चमध्ये राजीनामा दिला. मंत्रिमंडळातून रॉबिन कुक बाहेर पडले. ज्यांचे काम कायदा सांगणे होते त्यांनी कायदा सांगितला होता, हे या विभागातून निर्विवादपणे दिसते, आणि म्हणूनच त्या वेळी आम्हाला दुसरे कोणी काही सांगितलेच नाही असा बचाव यापुढे कोणालाही करता येणार नाही.

सरकारचे म्हणणे होते की सगळे शांततामय मार्ग संपले आणि फ्रान्सने परिषदेची कोंडी केली, म्हणून जागतिक समुदायाच्या वतीने परिषदेचा अधिकार राखण्यासाठी आम्ही कृती केली. हे म्हणणे समितीने नेमक्या शब्दांत खोडून काढले आहे. निःशस्त्रीकरणाचे शांततामय मार्ग संपण्यापूर्वीच ब्रिटनने आक्रमणात सामील होण्याचा निर्णय घेतला आणि त्या वेळी लष्करी कारवाई हा शेवटचा उपाय नव्हता. मार्च 2003 मध्ये सद्दाम यांच्याकडून तातडीचा धोका नव्हता. कारवाईला परिषदेत बहुमत नसताना ब्रिटन परिषदेचा अधिकार राखत नव्हता, उलट तो कमकुवत करत होता. संयुक्त राष्ट्रांच्या अस्त्रतपासणी पथकाचे प्रमुख हान्स ब्लिक्स यांनी 7 मार्चला परिषदेपुढे उरलेल्या कामाला वर्षे नव्हेत, आठवडे नव्हेत, काही महिने लागतील असे सांगितले होते आणि त्याच दिवशी अणुऊर्जा संस्थेचे मोहम्मद अल-बरादेई यांनी इराकने नायजरकडून युरेनियम मागितल्याचे कागद बनावट असल्याचे जाहीर केले होते. हे महिने देण्याची सरकारची तयारी नव्हती, कारण कुवेतमध्ये फौजा गोळा झाल्या होत्या आणि अमेरिकेचे वेळापत्रक ठरलेले होते. कारण आधी आणि कारवाई नंतर असा क्रम असायला हवा, इथे कारवाईची तारीख आधी आली आणि कारण तिच्या मापाने बेतले गेले.

सद्दाम यांची राजवट क्रूर होती, 1988 मध्ये हलब्जा येथे तिने आपल्याच कुर्द नागरिकांवर विषारी वायू सोडला होता आणि सुरक्षा परिषदेला ती वर्षानुवर्षे हुलकावण्या देत आली होती. अहवाल हे कुठेही झाकत नाही, आणि परीक्षणातही ते झाकता कामा नये. पण क्रूर राजवट उलथवणे हे कारण ब्रिटिश सरकारने कायदेशीर आधार म्हणून पुढे केलेच नव्हते. तसे करणे बेकायदा ठरेल हे त्याला ठाऊक होते. अस्त्रे सापडली नाहीत तेव्हा राजवटीच्या क्रूरतेचे कारण पुढे सरकवण्यात आले, आणि आजही या युद्धाचे समर्थन करणारे बहुतेक लोक तेच सांगतात.

नंतर सुचलेल्या शहाणपणावरून तेव्हाच्या निर्णयाला दोष देऊ नये, हा आणखी एक नेहमीचा बचाव. यावर समितीचे उत्तर मला संपूर्ण अहवालातील सर्वांत मोलाचे वाटते. इराकमधील अंतर्गत यादवी, इराणचा हस्तक्षेप, प्रदेशातील अस्थैर्य आणि अल-कायदाचा शिरकाव, हे चारही धोके आक्रमणाच्या आधीच स्पष्टपणे नोंदवले गेले होते, त्यासाठी पश्चातबुद्धीची गरज नव्हती, असे तिने म्हटले आहे. आक्रमण झाले तर अल-कायदाचा धोका वाढेल, असा इशारा खुद्द ब्रिटनच्या गुप्तवार्ता समितीने दिलेला होता. दहशतवादापासून संरक्षण म्हणून जे युद्ध लोकांना विकले गेले, ते दहशतवाद वाढवील असे विकणाऱ्यांच्या टेबलावर लिहून ठेवलेले होते.

आता उणिवा. सर्वांत मोठी उणीव अशी, की युद्ध कायदेशीर होते की बेकायदा याचे उत्तर अहवाल देत नाही. कायदेशीर आधार ज्या परिस्थितीत ठरवला गेला ती मुळीच समाधानकारक नव्हती, इथपर्यंत तो येतो आणि थांबतो. हा निवाडा आंतरराष्ट्रीय मान्यता असलेल्या न्यायालयानेच करायचा, असे कारण दिले आहे. समितीत एकही न्यायाधीश नव्हता, साक्षी शपथेवर घेतलेल्या नव्हत्या, त्यामुळे ही मर्यादा समजण्यासारखी आहे, पण समाधानकारक नाही. नेदरलँड्सने याच युद्धाला आपल्या सरकारने दिलेल्या राजकीय पाठिंब्याची चौकशी निवृत्त सरन्यायाधीश डेव्हिड्स यांच्याकडे सोपवली होती, आणि त्या समितीने जानेवारी 2010 मध्ये आक्रमणाला आंतरराष्ट्रीय कायद्याचा पुरेसा आधार नव्हता असे सरळ सांगितले. पाठिंबा देणाऱ्या छोट्या देशाची समिती जे म्हणू शकली, ते 46 हजारांच्या आसपास सैनिक पाठवणाऱ्या देशाची समिती म्हणू शकली नाही. ब्लेअर यांनी जाणूनबुजून दिशाभूल केली का, याही प्रश्नावर अहवाल हात राखून बोलतो. वर्षभराने, जुलै 2017 मध्ये, चिलकॉट यांनी एका मुलाखतीत सांगितले, की युद्धाला निघालेल्या पंतप्रधानाने देशाशी सरळ असले पाहिजे आणि इराकच्या बाबतीत तसे झाले असे आपल्याला वाटत नाही. हे वाक्य अहवालातच असायला हवे होते.

दुसरी उणीव विलंबाची. जाहीर सुनावण्या फेब्रुवारी 2011 मध्ये संपल्या आणि अहवाल यायला त्यानंतर पाच वर्षांहून अधिक काळ लागला. ज्यांच्यावर टीका होणार त्यांना मजकूर आधी दाखवून उत्तराची संधी देणे, हे त्यामागचे एक कारण. दरम्यान समितीचे एक सदस्य, इतिहासकार सर मार्टिन गिल्बर्ट, 2015 मध्ये वारले. वरातीमागून घोडे येऊन उपयोग काय, असे सैनिकांच्या कुटुंबीयांनी म्हटले असेल तर त्यांचे चुकले नाही. आणि हा उशीर अपरिहार्य नव्हता. याच भूमीवरील एका ब्रिटिश मोहिमेची चौकशी शंभर वर्षांपूर्वी झाली होती. पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियावर चाल करून गेलेली सहावी पुणे डिव्हिजन, जिच्यात मराठा पलटणीही होत्या, कुत अल-अमारा येथे वेढ्यात सापडली आणि 29 एप्रिल 1916 रोजी तिने शरणागती पत्करली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये संसदेने कायदा करून मेसोपोटेमिया आयोग नेमला, 1917 च्या मध्यास त्याचा अहवाल प्रसिद्ध झाला आणि भारतमंत्री ऑस्टिन चेंबरलेन यांनी राजीनामा दिला. महायुद्ध तेव्हा अजून चालू होते. त्या चौकशीचा विषय मोहिमेतील हलगर्जीपणा होता, मोहिमेच्या कारणांचा नव्हता, हे खरे. तरी एका वर्षात काम उरकणे आणि एका मंत्र्याने जबाबदारी घेणे शक्य होते, हे त्यातून दिसते. 2016 साली कोणाच्याही पदाला धक्का लागला नाही, कारण तोवर बहुतेक जण पदावरून गेलेले होते.

नवव्यापासून सोळाव्यापर्यंतचे विभाग आक्रमणानंतरच्या सहा वर्षांचे आहेत. पुनर्बांधणी, सद्दाम यांच्या बाथ पक्षाच्या लोकांना नोकरीतून काढणे, पोलिसांचे प्रशिक्षण, पैशाची तरतूद असा त्यांचा विस्तार आहे आणि अभ्यासक सोडता इतरांनी ते चाळले तरी चालेल. अपवाद फक्त चौदाव्या विभागाचा. स्फोटकांपुढे निभाव न लागणाऱ्या हलक्या लँड रोव्हर गाड्यांतून सैनिक गस्त घालत राहिले आणि त्याऐवजी चांगल्या संरक्षित गाड्या मिळवून देण्याची जबाबदारी मंत्रालयात नेमकी कोणाची हे स्पष्टच नव्हते, हे वाचताना संताप येतो. इराकमध्ये ब्रिटनचे 179 सैनिक मृत्युमुखी पडले.

इराकी माणसाला मात्र या अहवालात फार मागे बसवले आहे. नागरी मृत्यूंचा विभाग सतरावा, म्हणजे शेवटचा. त्यात सरकारने मृत इराकींची मोजदाद करण्याची टाळाटाळ कशी केली, प्रसिद्ध झालेल्या आकड्यांना उत्तर काय द्यायचे यावर किती कागद खर्च केले आणि प्रत्यक्ष आकडा काढण्यावर किती कमी, याची नोंद आहे. जुलै 2009 पर्यंत किमान दीड लाख इराकी, त्यांतले बहुसंख्य नागरिक, मारले गेले आणि प्रत्यक्षातील संख्या बहुधा त्याहून बरीच मोठी असावी, तर दहा लाखांहून अधिक लोक विस्थापित झाले, असे चिलकॉट यांनी अहवाल सादर करताना सांगितले. ज्या समर्थनाच्या चिरफाडीला समितीने हजारो पाने दिली, त्या समर्थनाची किंमत ज्यांनी मोजली त्यांना शेवटच्या खंडात जागा मिळावी, ही रचना मला पटत नाही. हा विभाग पहिला असता तर बाकीचे सोळा वाचण्याची दृष्टीच वेगळी झाली असती.

भारतीय वाचकासाठी या अहवालाला आणखी एक पदर आहे. एप्रिल 2003 मध्ये आपल्या लोकसभेने या कारवाईविरुद्ध एकमताने ठराव केला, आणि अमेरिकेने फौज मागितली तेव्हा वाजपेयी सरकारने जुलै 2003 मध्ये, संयुक्त राष्ट्रांचा स्पष्ट आदेश नसल्याने, ती पाठवण्यास नकार दिला. चिलकॉट वाचल्यावर तो नकार किती योग्य होता ते कळते. परंतु दप्तर उघडण्याच्या बाबतीत आपण ब्रिटनच्या फार मागे आहोत. 1962 च्या पराभवाची चौकशी करणारा हेंडरसन ब्रुक्स-भगत अहवाल 1963 मध्ये सरकारला सादर झाला. हिमालयाच्या मदतीला धावलेला सह्याद्री म्हणून ज्यांचा आपण गौरव करतो, ते यशवंतराव चव्हाण तेव्हा संरक्षणमंत्री होते आणि त्यांनी संसदेत केवळ निवेदन केले. तो अहवाल सरकारने आजतागायत प्रसिद्ध केलेला नाही. आक्रमण झालेल्या देशाने साठ वर्षे आपला अहवाल कुलपात ठेवावा आणि आक्रमण करणाऱ्या देशाने आपला अहवाल मोफत उतरवून घेण्यासाठी ठेवावा, ही तुलना आपल्याला बोचली पाहिजे.

खरेदीविषयी माझे मत असे. संपूर्ण छापील संच घरी घेण्याचे कारण नाही, तो विद्यापीठांच्या ग्रंथालयांसाठी आणि विशेषतः राज्यशास्त्र, विधी व पत्रकारिता शिकवणाऱ्या संस्थांसाठी आहे. सामान्य वाचकाने ब्रिटिश सरकारच्या संकेतस्थळावरून सारांश, चौथा, पाचवा आणि सतरावा विभाग उतरवून घ्यावेत. विभागांच्या पीडीएफ वेगवेगळ्या असल्याने एखादे नाव सर्वत्र शोधायचे झाल्यास प्रत्येक फाइल उघडावी लागते, हा त्रास धरूनच बसावे. आधी चिलकॉट यांचे प्रसिद्धीच्या दिवशीचे छोटे निवेदन वाचावे, मग सतरावा विभाग, त्यानंतर पाचवा आणि शेवटी चौथा. सारांश सर्वांत शेवटी वाचला तरी चालेल, कारण त्यात निष्कर्ष आहेत पण ते निष्कर्ष ज्या कागदांतून निघाले त्यांची चव नाही. मराठीत हा मजकूर अद्याप माझ्या पाहण्यात आलेला नाही. अहवाल ब्रिटनच्या खुल्या सरकारी परवान्याखाली प्रसिद्ध झालेला असल्याने श्रेय देऊन त्याचा अनुवाद आणि प्रकाशन कोणालाही करता येते. किमान पाचव्या विभागाचा अनुवाद विधी महाविद्यालयांतील एखाद्या गटाने हाती घ्यावा, त्यासाठी कोणाची परवानगी मागण्याची गरज नाही.